भिंत किती लिटरची?

रंगाचं गणित तसं सोप्पं. चारही भिंतींची लांबी एकत्र करा, उंचीने गुणा, दार-खिडक्या वजा करा आणि एक लिटर जेवढं झाकतो त्याने भागा. साधं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांत लिटरला साधारण 60 ते 80 चौरस फूट पुरतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हे जमून जातं. पण अकोल्याच्या जुन्या शहरात?

मोर्णेपलीकडे, असदगडाच्या बाजूला माझं आजोळ. आजीची खोली दिवाळीआधी रंगवायची होती, बजेट माझं! खोली 10 बाय 12, पण उंची 12 फूट. म्हणजे 528 चौरस फूट. दार-खिडक्यांचे 45 गेले. मग आले चार कोनाडे. कोनाडा वजा करायचा नसतो बरं का, उलट त्याच्या आतल्या बाजू मिळवायच्या. दीड बाय दोनचा, फूटभर खोल कोनाडा 7 फूट वाढवतो. चारांचे 28. टोटल 511, म्हणजे सव्वासात लिटरच्या आसपास.

पेंटरभाऊंनी माझ्या कागदाकडे बघितलंही नाही. भिंतीवर थोडं पाणी मारलं, ते क्षणात दिसेनासं झालं. ‘ताई, ही भिंत रंग पेते. प्रायमर मारा, नाहीतं पयला हात असाच जाते.’ मग एका भिंतीच्या तळाचे पोपडे दाखवले. ‘अन् हिले प्लास्टिकचा रंग लावूच नका.’

कारण साधं आहे. जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या भिंतीतून बाहेर पडते. वर इमल्शनचा थर बसला की ती आत अडकते आणि पोपडे सुटतात. आजीची खाट नेमकी तिथेच, त्यात तिला दमा. भुकटी थेट उशीवर!

त्या भिंतीला चुना ठरला. आजी भडकली, ‘गोठ्याले लावतेत चुना!’ तासभर समजावल्यावर तयार झाली. 144 फूट कमी झाले, उरले 367. जुन्या भिंतीसाठी पाचवा हिस्सा जास्त धरून सात लिटर आणले. शेड मशीनवर एकदमच काढून घ्या आणि सगळे डबे एका बादलीत मिसळा. नंतर आणलेल्या लिटरचा रंग जरा वेगळा निघू शकतो, आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

चुन्यात डिंक घालून तीन पातळ हात झाले. तरी आजीने खाट वीतभर पुढे ओढलीय, लुगड्याला लागू नये म्हणून.