विम्याविना मध्यमवर्ग

वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर केंद्र सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून उठविला. आजारपणाची तरतूद करू पाहणाऱ्या नागरिकाकडून, जणू तो चैनीची वस्तू विकत घेत आहे अशा थाटाने, कर वसूल करणे मुळातच असमंजसपणाचे होते. तेव्हा सरकारचे अभिनंदन करावयाचे तर ते उशिरा सुचलेल्या शहाणपणाबद्दलच करावे लागेल. परंतु या निर्णयाने एक गोष्ट झाली. ‘हप्ता भारी पडतो’ असे म्हणून विम्याचा विषय पुढे ढकलणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाची एक सबब दुबळी झाली. ती बाजूला सारल्यावर जे दिसते ते फारसे समाधानकारक नाही.

देशातील किमान ३० टक्के, म्हणजे सुमारे ४० कोटी लोकांना आजारपणाच्या खर्चापासून कसलेही आर्थिक संरक्षण नाही, असे नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात नमूद केले आहे. हे लोक कोण? गरिबांसाठी २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, कायद्याच्या कक्षेतील कामगाराला राज्य कामगार विमा आहे. केंद्र सरकारच्या नोकराला १९५४ पासून स्वतंत्र आरोग्ययोजना आहे. यांपैकी कशातच न बसणारा छोटा दुकानदार, शिकवण्या घेणारा शिक्षक, वकिलाच्या कचेरीतील कारकून, कंत्राटावरील अभियंता, हा तो वर्ग होय. आमच्या वाचकांपैकी अनेकांना या यादीत आपले किंवा आपल्या भावाचे नाव सापडेल.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर २०२३ साली सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व रहिवाशांना खुली करून संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर नेली. निर्णय स्वागतार्ह आहे. तथापि ती योजना अंगीकृत रुग्णालयांपुरती आणि ठरावीक उपचारांपुरती आहे. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक ज्या रुग्णालयाच्या दारात पोहोचतात ते अंगीकृत असेलच असे नाही. तशा वेळी यादी पाहावयाचे भानही कोणाला नसते. योजनेची शिधापत्रिका खिशात आहे, एवढ्यावर विसंबून राहणे शहाण्या माणसास शोभत नाही.

परंतु आम्हाला अधिक चिंता वाटते ती विमा आहे असे समजून चालणाऱ्यांची. खाजगी नोकरीत कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांचा सामुदायिक विमा उतरविते. काही ठिकाणी त्यात आईवडिलांचाही समावेश असतो. हप्त्याची कटकट नाही, वैद्यकीय तपासणी नाही, जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. अशी सुखसोय असताना स्वतःचा वेगळा विमा कशाला, असे तिशीतल्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हे छत्र नोकरीचे असते, माणसाचे नसते. नोकरी सुटली की ते जाते. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निरोपसमारंभाचा हार गळ्यात पडतो त्या सुमारासच ते काढून घेतले जाते, आणि तोपर्यंत मधुमेह व रक्तदाब यांनी घरात बस्तान बसविलेले असते.

मग हे गृहस्थ विमा कंपनीकडे जातात. पासष्टीनंतर नवा विमा नाही, ही अट २०२४ साली विमा नियामकाने दूर केली खरी; पण दार उघडले म्हणजे पंगतीत पान मिळतेच असे नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांसारख्या उपचारांनाही अशीच प्रतीक्षा असते. वय वाढलेले, म्हणून हप्ताही मोठा. म्हणजे ज्या तीन वर्षांत गरज लागण्याचा संभव अधिक, नेमकी तीच वर्षे मोठ्या प्रमाणात उघड्यावर काढावी लागतात. तिसाव्या वर्षी घेतलेल्या छोट्याशा स्वतंत्र विम्याने ही वर्षे केव्हाच, निरोगीपणी, संपविली असती.

‘बँकेत ठेव आहे, वेळ आली तर मोडू’ असे म्हणणाऱ्यांनी ती ठेव कशासाठी राखली आहे हे एकदा आठवावे. मुलीचे शिक्षण, घराचा उरलेला हप्ता, दोघांची म्हातारपणाची वीस वर्षे, एवढे सगळे त्याच एका पावतीवर उभे असते. २०२०-२१ च्या साथीत दागिने गहाण टाकून रुग्णालयाची बिले भागविणारी कितीतरी कुटुंबे चांगली शिकलेली होती. आणि पैशाहूनही वाईट प्रकार निराळाच आहे. खर्चाच्या धास्तीने वडील तपासणीच पुढे ढकलतात. ‘मला काही होत नाही’ असे सांगत राहतात. घरातील इतरांना हे कळते, पण बोलत कोणी नाही.

विमा कंपन्यांविषयीची तक्रार आम्ही नाकारीत नाही. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून डॉक्टरांच्या फीपर्यंत सगळ्यात प्रमाणशीर कपात होते, हे बिल हाती आल्यावरच कळावे हे गैर आहे. विनारोख उपचारांच्या मंजुरीस एक तास व घरी सोडण्याच्या मंजुरीस तीन तास, अशी मुदत नियामकाने २०२४ मध्ये घालून दिली. सलग पाच वर्षे चालू असलेल्या विम्यात लबाडी सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडविल्याच्या कारणाने दावा फेटाळता येणार नाही, असाही दंडक केला. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी विचारविनिमय करण्याचे बंधन २०२५ साली आले. नियम बरे आहेत, अंमल तेवढा बरा हवा. सरकारनेही विम्याकडे बोट दाखवून हात झटकता कामा नये. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या धोरणाने ठरविले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली होती.

एक गोष्ट मात्र विशेष खर्चाशिवाय होण्यासारखी आहे. सामुदायिक विम्यातून बाहेर पडणाऱ्याला त्याच कंपनीचा वैयक्तिक विमा घेण्यासाठी स्थलांतराचा अर्ज करता येतो आणि आधीच्या प्रतीक्षाकालाची वजावट मिळू शकते. कंपनी प्रकृती पाहून निर्णय घेते हे खरे, पण अर्ज वेळेत झाला तर निदान मार्ग खुला राहतो. ही माहिती निवृत्त होणाऱ्यांपैकी किती जणांना असते? भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांचे कागद कचेरी बिनचूक हाती ठेवते. त्याच पाकिटात, निवृत्तीच्या तीन महिने अगोदर, हा अर्जही ठेवण्याची सक्ती नियामकाने मालकवर्गावर व विमा कंपन्यांवर करावी, अशी आमची मागणी आहे.