जाळीदार कार्डिगन : नमुना आधी अंगाचा, मग पुस्तकाचा

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. निजामपूर हे नाव तर इथल्या महानगरपालिकेच्या नावातच गुंफलेले आहे. निजामपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत वाढलेल्यांना मागाची खटखट घड्याळाच्या टिकटिकीइतकीच अंगवळणी पडलेली असते. शेकडो उभ्या धाग्यांतून आडवा धागा धावत राहतो आणि मागावरून वारच्या वार कापड उतरते. मात्र क्रोशाचे विणकाम आजही हाताचेच राहिले आहे. बाजारात ‘क्रोशे’ म्हणून विकले जाणारे यंत्रावरचे कापड बहुधा निराळ्या बांधणीचे असते. ते केवळ तसे दिसते.

दोन सुयांच्या विणकामात सुईवर एका वेळी कितीतरी टाके उघडे असतात. सुई निसटली की ते उसवू लागतात. क्रोशात उघडा असतो तो एकच फास. तेवढा सेफ्टी पिनेने अडकवला की काम केव्हाही खाली ठेवता येते. रुग्णाची हाक आली म्हणून उठणाऱ्या शुश्रूषकाला आणि ओळ मध्येच विसरणाऱ्या वृद्ध हातांना ही सोय फार मोलाची आहे.

अडचण येते ती जाळीदार कार्डिगनच्या नमुन्याची. पुस्तकांतील बहुतेक नमुने सहज हात उंचावणाऱ्या शरीरासाठी बेतलेले असतात. खांदा आखडलेल्या आजींना किंवा पक्षाघातानंतर एक हात दुबळा झालेल्या आजोबांना ते जाचतात. मग सोयीच्या नावाखाली त्यांच्या अंगावर दिवसरात्र एकच ढगळ गाउन किंवा सदरा येतो, आणि आपल्या आवडीचे काही ल्यावे ही इच्छा हळूहळू मावळते. म्हणून नमुन्याचा शोध अंगापासून सुरू करावा.

पुढून पूर्ण उघडणारा कार्डिगन डोक्यावरून घालावा लागत नाही, हा त्याचा पहिला गुण. घालताना दुबळा हात आधी बाहीत घालावा. काढताना धडधाकट हात आधी बाहेर काढावा. यासाठी बाही रुंद आणि मुंढा नेहमीपेक्षा तीन-चार सेंटीमीटर खोल हवा. जाळीची भोके बोटाच्या टोकाहून लहान असावीत, नाहीतर बोटे, अंगठ्या आणि बांगड्या अडकतात. जो बराच वेळ बसून किंवा पडून असतो, त्याच्या पाठीवर उठावाची फुले, गाठी वा जाड शिवणी नकोत. त्या त्वचेला रुततात. पाठ सपाट ठेवून नक्षी पुढे व बाह्यांवर घ्यावी. बटणे मोठी असावीत. खाडीकाठच्या दमट हवेत लोकरीपेक्षा सुती धागा बरा. पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत तेवढी ऊब पुरते.

नक्षीसाठी फार दूर जायला नको. ट्रंकेतला जुना थाळपोस, दारावरचे तोरण, नमाजाची जाळीदार टोपी यांत नक्ष्या दडलेल्या असतात. भिंगाखाली एका आवर्तनातील साखळ्या आणि खांब मोजून चौकटीच्या वहीत उतरवावेत. टोपी मध्यापासून गोल वाढत जाते, त्यामुळे तिच्यातील नक्षी सरळ ओळीत जशीच्या तशी बसत नाही; तोरणाची किंवा पट्टीची नक्षी सहज बसते. छापील नमुना घेतल्यास एक काळजी घ्यावी. ‘डबल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश पुस्तकात आपला मुका खांब, तर अमेरिकी पुस्तकात आपला खांब. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द आढळला तर तो अमेरिकी पद्धतीचा समजावा. जपानी पुस्तकांतील चिन्हांच्या आकृत्यांना भाषेची फारशी अडचण नसते. त्यांची मोठी छायाप्रत काढली की डोळ्यांनाही ताण पडत नाही.

आता थोडे गणित. निवडलेल्या नक्षीचा छोटा तुकडा विणून, धुऊन, सपाट वाळवून मग मोजावा. समजा, 10 सेंटीमीटरमध्ये 18 टाके बसले आणि छाती 90 सेंटीमीटर आहे. सैलपणासाठी 10 आणि बटणपट्टी एकमेकींवर येण्यासाठी 6 मिळवले की 106 सेंटीमीटर, म्हणजे सुमारे 191 टाके होतात. नक्षीचे आवर्तन 10 टाक्यांचे असेल तर 19 आवर्तने आणि शेवटचा एक टाका, असा हिशेब जुळतो. खालून काखेपर्यंत सलग विणावे. तिथे पाठीसाठी 9 आणि पुढच्या दोन भागांसाठी प्रत्येकी 5 आवर्तने वेगळी करावीत. पुढे गळ्याकडून दोन-दोन आवर्तने हळूहळू कमी करावीत. प्रत्येक खांद्याला तीन उरतात आणि पाठीमागे मानेसाठी तीन. बाह्या म्हणजे दोन साधे आयत. मुंढ्याला वळण द्यायचे नसल्याने नवख्यालाही हा नमुना जमतो. भिजलेली सुती जाळी स्वतःच्या वजनाने लांबते, म्हणून कार्डिगन दोरीवर न टांगता सपाट वाळवावा.

विणणाऱ्याचे हातही जपायला हवेत. बारीक सुई बोटांना आवळून धरावी लागते. जाड मुठीची सुई घ्यावी किंवा साध्या सुईला मऊ रबराचे वेष्टण करावे. धागा फिक्या रंगाचा घ्यावा, म्हणजे टाके स्पष्ट दिसतात. वीस मिनिटांनी हात मोकळे करावेत आणि नजर दूर न्यावी. सांधे सुजले असतील किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. क्रोशे हे औषध नव्हे. मात्र स्वतःच्या हातून काहीतरी पुरे झाल्याचे समाधान त्यातून मिळते, आणि उतारवयात तेही थोडके नसते.

अखेरची सूचना शुश्रूषकांना. माप घेताना टेप हाती घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल आणि रंगांच्या चार लडी त्यांच्यापुढे ठेवाव्यात आणि विचारावे, “आपल्याला कोणता रंग आवडेल? गळा कसा हवा?” उत्तर यायला वेळ लागला तरी थांबावे. कार्डिगन त्यांच्या अंगावर राहणार आहे. त्याची निवडही त्यांचीच असू द्यावी.