बाबा गेले, क्रेडिट कार्डचं बिल आलं. ते तुम्ही भरायचं का?

तेराव्याची गडबड चालू असते आणि बाबांच्या फोनवर मेसेज येतो: मिनिमम ड्यू भरा, नाहीतर लेट फी लागेल. दोन दिवसांनी कॉल. ‘तुम्ही मुलगा ना? मग आता तुम्हालाच भरायचंय, नाहीतर तुमचा सिबिल खराब होईल.’ अशा वेळी डोकं चालत नाही. बरेच जण तिथल्या तिथे यूपीआयने पैसे पाठवून मोकळे होतात.

थांबा, घाई करू नका.

आधी एक बातमी समजून घेऊ, कारण तिच्यामुळे घोळ वाढलाय. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय वारसा कायदा, १९२५ मधलं कलम २१३ काढून टाकलं. मुंबई, चेन्नई आणि कोलकात्यातली मृत्युपत्रं किंवा तिथली मालमत्ता असेल, तर या कलमामुळे प्रोबेट घ्यावंच लागायचं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाचा शिक्का. मुंबईत फ्लॅट नावावर करताना त्यात महिनोन्‌महिने जायचे. आता ती सक्ती गेली. पण म्हणून ‘आता कोर्ट नाही, कर्ज पण नाही’ असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. प्रोबेटचा संबंध मृत्युपत्राशी. कार्डच्या थकबाकीचा हिशोब वेगळा असतो, आणि तो साधारणपणे कोर्टात न जाताच मिटतो.

कायदा काय म्हणतो? कर्ज बाबांचं होतं, त्यामुळे ते बाबांनी मागे ठेवलेल्या पैशातून आणि मालमत्तेतून फिटतं. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं ५० आणि ५२ सांगतात की वारसाकडून वसुली होऊ शकते, पण वारशात त्याच्या हाती जेवढं आलं तेवढीच. समजा कार्डवर १ लाख ८० हजार थकलेत आणि बाबांच्या मागे खात्यात फक्त ६० हजार आहेत, बाकी काही नाही. तर बँकेचा दावा ६० हजारांपर्यंत. उरलेलं तुमच्या पगारातून मागता येत नाही. शिवाय वारसा कायद्यातल्या क्रमानुसार अंत्यसंस्काराचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च आधी वजा होतो, मग कर्ज, मग वारसांची वाटणी.

आपल्याकडे मोठी माणसं म्हणतात, ‘बापाचं कर्ज मुलाने फेडायचं असतं.’ हिंदू कायद्यात खरंच असं एक धार्मिक कर्तव्य मानलं जायचं. २००५ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या कर्जासाठी, केवळ त्या कर्तव्याच्या आधारावर मुलावर दावा चालत नाही. आत्याला हे पटेल की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

पण काही ठिकाणी तुम्ही खरंच अडकता. कर्जात तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल, तर हप्ता तुमचाच आणि सिबिलही तुमचाच. गृहकर्ज किंवा सोनेतारण असेल तर घर किंवा दागिने ठेवायचे असतील तर कर्ज चुकवावंच लागेल. आणि तिसरी जागा म्हणजे ती सही. ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे’ म्हणत हप्ते पाडून देणारा कागद पुढे येतो, किंवा ॲपवर ‘आय ॲग्री’ दाबायला सांगतात. त्यावर तुमचं नाव आलं की बाबांचं कर्ज तुम्ही स्वतःहून अंगावर घेतलं, असा दावा करता येतो. न वाचता काहीही सही करू नका.

मग करायचं काय? मृत्यू दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून घ्या. बाबांच्या एसएमएसमध्ये ‘ईएमआय’, ‘ड्यू’, ‘ऑटोपे’ असे शब्द शोधा. कुठली कार्डं, कुठली लोन ॲप हे बहुतेक तिथेच कळतं. मग प्रत्येक बँकेला ईमेल: मृत्यूची तारीख, दाखला, कार्ड ब्लॉक करा, मृत्यूच्या दिवसापर्यंतचं स्टेटमेंट द्या, नंतरचं व्याज आणि लेट फी माफ करा. माफी मिळेलच असं नाही, पण मागायला काय जातं? कार्डवरची ओटीटी सबस्क्रिप्शन्सही त्याच दिवशी बंद करा. ॲड-ऑन कार्ड तुमच्याकडे असेल तर ते वापरू नका. आणि बाबांचा पिन माहीत आहे म्हणून त्यांच्या खात्यातून पैसे काढू नका. हे सर्रास होतं, पण उद्या भाऊ-बहिणींत किंवा बँकेशी वाद झाला तर तेच अंगाशी येतं.

खात्यातल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश कामाला येतात. ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली होती. नॉमिनी असेल तर बँकेला प्रोबेट किंवा वारस दाखला मागता येत नाही. नॉमिनी नसेल आणि वाद नसेल, तर १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाख) साध्या कागदांवर दावा निकाली काढायचा, सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हातात आले तरी देणी आणि वारस आहेतच.

पासबुकात ४३६ रुपयांची वर्षाची वजावट दिसली तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची, म्हणजे २ लाखांचा क्लेम. कर्जासोबत विमा घेतला होता का हेही विचारा. बँक स्वतःहून सांगेल याची वाट पाहू नका.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे. त्रास दिला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर.

आणि हे सगळं होईपर्यंत बाबांचं सिम बंद होऊ देऊ नका. ९० दिवस वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, पुढे तो दुसऱ्याला मिळतो, आणि बँकेचे मेसेज त्या अनोळखी माणसाला जायला लागतात.