पेल्यातले वादळ आणि आपली गंभीर तोंडे

गेल्या बैठकीत आपल्या संस्थेच्या चित्रपट-उपक्रमाची चर्चा निघाली, तेव्हा प्रस्तुत लेखकाने जुने ब्रिटिश प्रेमविनोदी चित्रपट दाखवावेत, अशी सूचना केली. तत्काळ दोन आक्षेप आले. असले चित्रपट म्हणजे हॉलिवूडची पातळ नक्कल, हा एक. आणि वाङ्मयीन संस्थेने उथळ करमणुकीच्या नादी का लागावे, हा दुसरा. सूचना बारगळली, चहा आला, आणि मंडळी नेहमीप्रमाणे जुन्या वाड्यांच्या आठवणींत रमली. तेथे राहून गेलेले उत्तर येथे देतो.

दुसरा आक्षेप मला प्रामाणिक वाटत नाही. तो घेणाऱ्या मान्यवरांनीच पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तील प्रवेश याच सभागृहात मोठ्या हौसेने सादर केलेले आहेत. त्या नाटकाचे मूळ असलेल्या शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वर १९३८ साली ब्रिटनमध्ये चित्रपट निघाला, लेस्ली हॉवर्ड आणि वेंडी हिलर त्यात होते, आणि पटकथेसाठी शॉ यांना ऑस्कर मिळाले. जी कथा मराठीत आली म्हणजे अभिजात, तीच पडद्यावर इंग्रजीत दिसली की उथळ, हा न्याय माझ्या आकलनापलीकडचा आहे.

नकलेचा आरोप मात्र अर्धा खरा. अशा विक्षिप्त प्रेमकथांना अमेरिकेत ‘स्क्रूबॉल’ म्हणतात. बेसबॉलमधील अनपेक्षित वळणाऱ्या चेंडूवरून ते नाव पडले. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’नंतर त्यांची लाटच आली. ब्रिटिशांनी तो चेंडू उचलला, पण टाकला आपल्या खेळपट्टीवर. अमेरिकन चित्रपटातील पात्रे नियम धाब्यावर बसवून धमाल उडवितात. ब्रिटिश पात्रे नियमाला चिकटून राहतात आणि नियमच त्यांची फजिती करतो. हा फरक शासकीय सेवेत उभा जन्म घालविलेल्या माणसाला तरी क्षुल्लक वाटणार नाही.

१९३७ चा ‘स्टॉर्म इन अ टीकप’ घ्या. स्कॉटलंडमधील एका काल्पनिक गावाचा प्रोव्होस्ट, म्हणजे आपल्याकडील नगराध्यक्ष म्हणा, मोठ्या राजकारणाची स्वप्ने पाहत आहे. मिसेस हेगर्टी नावाच्या गरीब बाईला कुत्र्याच्या परवान्याचे पैसे भरता आलेले नाहीत आणि कुत्र्याला ठार करण्याचा हुकूम झाला आहे. ती गयावया करीत येते आणि प्रोव्होस्टसाहेब तिला झिडकारतात, कारण समोर मुलाखत घ्यायला वार्ताहर बसला आहे! रेक्स हॅरिसनने रंगविलेला हा वार्ताहर ध्येयधोरणांच्या जागी तो प्रसंगच छापून टाकतो. मग गाव हसू लागते, आणि पुढे साहेबांच्या घरात कुत्र्यांची फौजच घुसते.

सेसिल पार्करचा हा प्रोव्होस्ट दुष्ट नाही, लाचखाऊ नाही. कायद्याने तर त्याचे बरोबरच आहे. त्याला फक्त समोरचा माणूस दिसेनासा झाला आहे. तो पाहताना मी खुर्चीत अवघडलो, हे कबूल करतो. तालुक्याच्या ठिकाणी असताना जमिनीच्या नामांतरणासाठी आलेल्या एका म्हातारीला मी तीनदा ‘नंतर या’ म्हणून परत पाठविले होते. त्या आठवड्यात मी वरिष्ठांच्या दौऱ्यासाठी स्वागतपर भाषण लिहीत होतो. ते छापायला कोणी वार्ताहर नव्हता, एवढेच. लालफितीवरील कितीतरी गंभीर कादंबऱ्या मी निर्विकारपणे वाचल्या आहेत. हा ‘उथळ’ चित्रपट मात्र बोचला.

आणि यातील प्रेम? प्रोव्होस्टची मुलगी झालेली व्हिव्हियन ली वार्ताहराकडे ओढली जाते, पण वडिलांची होणारी थट्टाही तिला सहन होत नाही. ज्याच्यावर माया आहे त्याला हसायचे कसे, हा तिचा पेच. त्याला क्षुल्लक म्हणणाऱ्याने आपले घर एकदा न्याहाळावे.

हे ‘पेल्यातले वादळ’ मुळात ब्रिटिश नाहीच, ही गंमत अनेकांना ठाऊक नसावी. ते ब्रुनो फ्रांक या जर्मन लेखकाचे नाटक. १९३३ साली त्याला जर्मनी सोडावी लागली. मूळ जर्मन नावात चहाचा कप नसून पाण्याचा पेला आहे, म्हणजे आपला मराठी वाक्प्रचारच त्याला अधिक जवळचा. जेम्स ब्रिडी यांनी ते स्कॉटलंडमध्ये नेले आणि लंडन फिल्म्सच्या ज्या छत्राखाली ते पडद्यावर आले, त्या संस्थेचे धनी अलेक्झांडर कॉर्डा हंगेरीचे. ‘पिग्मॅलियन’चे निर्माते गॅब्रिएल पास्कल हेही हंगेरियन, आणि शॉ तर आयरिश. जुन्या मोटारींच्या लंडन–ब्रायटन फेरीवरचा १९५३ चा ‘जेनव्हीव्ह’ अस्सल इंग्रजी मानतात. त्याचा दिग्दर्शक दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, लेखक अमेरिकन.

एमरिक प्रेसबर्गर बर्लिन-पॅरिस करीत १९३५ साली इंग्लंडात पोचले. मायकेल पॉवेल यांच्यासह त्यांनी १९४५ मध्ये ‘आय नो व्हेअर आय अ‍ॅम गोइंग’ काढला. धनाढ्य उद्योगपतीशी लग्न करायला निघालेली करारी मुलगी वादळामुळे बेटाच्या अलीकडच्या तीरावर अडकते आणि भलत्याच माणसात गुंतते. तो उद्योगपती चित्रपटभर दिसतच नाही, केवळ यंत्रातून त्याचा आवाज येतो. पैशाची याहून सभ्य टवाळी मी पाहिलेली नाही. यजमानांच्या कोणत्या रीतीत शहाणपण आहे आणि कोणती नुसतीच ऐट, हे दहा वर्षांच्या वास्तव्यात या उपऱ्या माणसाला नेमके कळले होते.

माझे भांडण आहे ते इथे. होळकरांच्या पदरी आलेल्यांचे आपण वंशज. या गावात पिढ्यान्‌पिढ्या मुरलो. असे असता आपल्या पत्रिकेच्या अंकामागून अंकात स्मरणरंजनाखेरीज काय असते? पुण्याचा पाहुणा आपल्या हिंदीमिश्रित मराठीला हसला की आपण दुखावतो. त्याच्याआधी आपणच तिला का हसू नये? ‘बाळकराम’ या नावाने महाराष्ट्राला हसविणारे गडकरी नवसारीत, गुजरातेत जन्मले होते, हेही जाता जाता सांगतो.

‘स्टॉर्म इन अ टीकप’ची तबकडी माझ्याजवळ आहे; चित्रपट दीड तासाच्या आतच आटोपतो. पुढील बैठकीत मी सूचना पुन्हा मांडणार आहे. विरोध अवश्य करावा, पण पाहून.