धोरण टिकवायचे, तर ते सभागृहात आणा

भिवंडीहून वाड्याकडे निघाले की नदीनाक्याच्या पुढे शेलार लागते. डाईंग, सायझिंग, गोदामे आणि वस्ती एकमेकांना खेटून उभी आहेत आणि जवळूनच कामवारी नदी खाडीकडे जाते. अशा गावात नवे प्रोसेस हाऊस नदीपासून किती अंतरावर असावे, या प्रश्नाचे सरकारी उत्तर पंधरा वर्षांत तीनदा बदलले. यंत्रणा तीच, नदी तीच. बदलला तो फक्त मंत्रालयातला कागद.

राज्याने २००० साली नदी नियमन क्षेत्राचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘आरआरझेड’चे धोरण आणले. पाण्याच्या प्रतीनुसार नद्यांचे वर्ग पाडले आणि उद्योग जितका प्रदूषणकारी, तितका तो नदीपासून लांब, असे सूत्र ठरवले. २००९ मध्ये त्यात सुधारणा झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये उद्योगांना अडसर होतो म्हणून मंत्रिमंडळाने ते रद्द केले. त्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागला नाही. त्यामुळे विधेयक आले नाही, कलमवार चर्चाही झाली नाही.

ते धोरण निर्दोष होते, असे आम्ही म्हणत नाही. अंतर मोजणे सोपे, सांडपाणी मोजणे अवघड. म्हणून अंतरावर भर दिला गेला. आधीपासून नदीकाठी बसलेल्या कारखान्यांचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता. पण पंधरा वर्षांत त्या नियमाने काय साधले आणि काय बिघडवले, याचा हिशेब सभागृहापुढे मांडून मग तो रद्द करता आला असता. कायदाही रद्द होतो. पण रद्द करणाऱ्याला सभागृहात उभे राहून कारण सांगावे लागते आणि ते कामकाजात नोंदले जाते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. जलप्रदूषणावर केंद्राने १९७४ मध्ये कायदा केला. आपल्या विधिमंडळाने तो १९६९ मध्येच केला होता आणि त्याच बळावर १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ उभे राहिले. पाणी हा राज्याचा विषय असल्याने केंद्राचा कायदाही राज्यांच्या ठरावांवरच उभा आहे. आपण तो १९८१ मध्ये स्वीकारला. २०१८ च्या प्लास्टिकबंदीची अधिसूचना राज्याच्याच २००६ च्या अविघटनशील कचरा कायद्याखाली निघाली. मागे कायदा होता म्हणून तिला पाया होता. आरआरझेडला तो नव्हता.

आरआरझेड रद्द झाल्यानंतर नद्यांचे काय झाले? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, आपला ५५ वर चढला. दोन्ही वेळा राज्य पहिल्या क्रमांकावर. याला आरआरझेड रद्द होणे कारणीभूत ठरले की महापालिकांचे प्रक्रियेविना सोडलेले मैलापाणी, हे एका यादीवरून ठरत नाही. ते ठरवण्यासाठीच अभ्यास लागतो.

तो अभ्यास कारखान्याच्या दारापासून सुरू व्हावा. रिॲक्टिव्ह डाईंगमध्ये मीठ भरपूर लागते. जैविक प्रक्रियेने बीओडी उतरतो, पण पाण्यात विरघळलेले मीठ तसेच राहते. टीडीएस खाली आणायचा तर आरओ आणि त्यापुढे बाष्पीभवन यंत्रणा हवी. जॉबवर्कवर चालणारा लहान डायर हा खर्च एकट्याने उचलू शकत नाही, हे संमतीपत्रातल्या अटी लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी अट लिहिली जाते, ती पाळल्याचे दाखवले जाते आणि पाणी खाडीला जाते. सामायिक प्रक्रिया केंद्र कोणी बांधायचे, ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या नाल्याची जबाबदारी कोणाची, मीठमिश्रित गाळ कुठे न्यायचा, ही उत्तरे एका शासन निर्णयात मावत नाहीत. त्यांना वीस वर्षांची दृष्टी लागते आणि सरकारे पाच वर्षांची असतात.

इतरांनी यावर वाटा काढल्या आहेत. ब्रिटनच्या संसदेत १९९७ पासून पर्यावरण लेखापरीक्षा समिती प्रत्येक खात्याला जाब विचारते. स्वीडनमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या हवामान कायद्यानुसार सरकारला दरवर्षी अर्थसंकल्पासोबत हवामान अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो. आपल्या संसदेतही १९९३ पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्या साक्षी नोंदवतात. विधिमंडळानेही नद्यांबाबत असेच करावे: दीर्घकालीन उद्दिष्टे कायद्यात लिहावीत, ठरावीक वर्षांनी आढावा बंधनकारक करावा आणि समितीपुढे अधिकाऱ्यांइतकेच डायर, खाडीतले मच्छीमार आणि नदीकाठचे शेतकरी बोलावेत.

आपल्या डाईंग-प्रोसेसिंग व्यवसायाचे काम इथेच सुरू होते. ईटीपीचे खरे आकडे, चालवण्याचा खरा खर्च, बंद पडण्याची खरी कारणे आपल्या नोंदवह्यांत आहेत. आमदारांच्या हाती मात्र अहवालांतली सरासरी पडते. कारखान्याचे नाव न देताही ही माहिती संकलित करता येते. आपल्या संघटनांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी ती निवेदनासह स्थानिक आमदारांना द्यावी, विनंती अर्ज समितीकडे रीतसर अर्ज करावा आणि बोलावणे आले तर साक्षीला जावे. नियम अव्यवहार्य आहे, ही तक्रार आपण एकमेकांपाशी खूप केली. आता ती नोंदली जाईल अशा ठिकाणी, आकड्यांसह करायला हवी.