भैरवीनंतरचा धप्प

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय. कारण क्षुल्लक आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

आमच्या देवळाच्या वर्धापनदिनाला अभंगगायन होतं. बुवा सत्तरी ओलांडलेले. आवाज थकलेला, पण सूर अजून जागच्या जागी. दहाला पाच मिनिटं असताना त्यांनी भैरवीचा शेवटचा षड्ज लावला. पेटीचा भाता मिटला तरी सभामंडपात कुणी हललं नाही. टाळी वाजवायचंही कुणाला सुचेना. आणि तेवढ्यात... धप्प! साउंडवाल्यानं मिक्सरची पिन सॉकेटातून उपटली होती. कुणाच्या तरी मांडीवरचं मूल किंचाळत उठलं. माझ्या आईनं कानातलं यंत्र ओढून काढलं आणि दोन्ही कान धरून बसली.

मी तावातावानं साउंडवाल्याकडे गेलो. तो हसला. म्हणाला, "कांय जावंक ना बाब, स्पीकर कांय फुटूंक ना!"

झालं! स्पीकरची चौकशी झाली. माणसांची कुणी करायची?

हा धप्प म्हणजे विजेचा स्वभावच, त्याला इलाज नाही, अशी आपली ठाम समजूत. ती साफ चुकीची आहे. माझी पदवी कला शाखेची, पण हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. जुना वाल्वचा रेडिओ आठवतो? बटण फिरवलं की आधी नुसता दिवा लागायचा. वाल्व तापायला वेळ जायचा आणि मग आवाज हळूहळू वर यायचा. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर क्षणात जागा होतो, पण त्याच्या आतले विजेचे दाब स्थिरावायला थोडा अवधी लागतो. तेवढ्या वेळात स्पीकरला गाण्याऐवजी एकाच दिशेचा झटका बसतो आणि त्याचा पडदा एकदम फेकला जातो. तोच धप्प. बंद करताना हे दाब उतरतात, तेव्हाही तीच गत.

बनवणाऱ्यांनी यावर इलाज केव्हाच काढलाय. चांगला अँप्लिफायर चालू केला की काही सेकंदांनी आतून 'टक्' असं ऐकू येतं. तो रिले. आतलं सगळं स्थिरावल्यावरच तो स्पीकर जोडतो आणि बंद करताना आधी स्पीकर तोडतो. पण हा रिले अडवतो तो अँप्लिफायरचा स्वतःचा धक्का. अँप्लिफायर चालू ठेवून मिक्सरची पिन उपटलीत, तर मिक्सरचा धक्का तो इमानेइतबारे कितीतरी पट मोठा करून लोकांच्या छातीवर आदळणार. बुवांचा सूर कुठला आणि तुमचा आडदांडपणा कुठला, हे त्या बिचाऱ्याला काय कळणार?

म्हणून नियम आहे तो एका ओळीचा. चालू करताना मिक्सर आधी, अँप्लिफायर शेवटी. बंद करताना अँप्लिफायर आधी, मिक्सर शेवटी. कंडेन्सर माइकला मिक्सरमधून ४८ व्होल्ट जातात, म्हणून तो जोडताना किंवा काढताना त्याचा आवाज आधी पूर्ण बंद करायचा. संपलं! याला खर्च शून्य रुपये.

मी सरकारी कारकून. आवक नोंदवहीत नोंद झाल्याशिवाय कागद साहेबांच्या टेबलावर जात नाही, म्हणून लोक आम्हाला हसतात. हसू देत. पण क्रम मोडला की पुढच्या माणसाला काय भोगावं लागतं, ते आम्हाला ठाऊक आहे.

"अहो, पण वीज गेली तर?" हा ठरलेला प्रश्न. वीज गेली तर मिक्सर चालू राहावा म्हणून त्याला छोटा यूपीएस लावा. जनरेटर सुरू करण्याआधी अँप्लिफायरचं बटण बंद करा. आणि वीज काही रोज भैरवीची वाट बघून जात नाही! "दहाला बंद करावंच लागतं," हा दुसरा बचाव. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री १० ची मर्यादा घातली, मान्य. पण नियम थांबायला सांगतो, पिन उपटायला सांगत नाही.

खरं तर माझा राग त्या पोरावर नाहीच. तो सकाळपासून खोकी वाहत होता. त्याला हे कुणी शिकवलंच नसणार. राग आहे तो आपल्यावर, आणि त्यात मीही आलो. समितीचा खजिनदार मीच. तीन कोटेशनं आली, सर्वांत कमी रकमेवर मीच सही केली. वॉट किती, बॉक्स किती, सगळं विचारलं. मिक्सरवर बसणार कोण आणि त्याला काय येतं, हे मात्र विचारलं नाही.

आणि आपण गोव्याचे लोक गाण्याचा अभिमान केवढा सांगतो! केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, हे आपल्याला तोंडपाठ. तिकडे ती भैरवी अजून चाललीय ताऱ्यांच्या दिशेनं, आणि इकडे गावच्या बुवांच्या भैरवीनंतर आपल्याला मिनिटभर शांतता राखता येत नाही.

असो. येत्या वर्धापनदिनाच्या करारात मी दोन अटी घालणार आहे. चालू-बंद करण्याचा क्रम कागदावर लिहून मिक्सरला चिकटवायचा. आणि शेवटचा सूर थांबल्यावर पूर्ण एक मिनिट कुणी कशालाही हात लावायचा नाही. तुमच्याही समितीत हे मांडून बघा. लोक हसतील, पण मांडा.

आई अजूनही भजनाला येते. यंत्र मात्र घरी कपाटात ठेवून. बुवांच्या ओठांकडे बघत बसते आणि म्हणते, "मला अभंग पाठच आहेत रे."

शब्द पाठ आहेत, आई. सुराचं काय?