अंबरनाथ की बदलापूर? आधी पूररेषा विचारा!

मुंबई-ठाण्यात घर घेणे सर्वसामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेल्याला बराच काळ लोटला. डोंबिवली-कल्याणही महागले, तसा आपला मध्यमवर्ग मध्य रेल्वेच्या मार्गावर आणखी पुढे सरकला आणि घरोघरी एकच चर्चा रंगू लागली : अंबरनाथ की बदलापूर? निकाल लागतो तो चौरस फुटाच्या भावावर. त्याच पैशांत बदलापुरात एक खोली जास्त मिळते, असे बिल्डरचा माणूस सांगतो आणि आयुष्यभराची पुंजी व वीस वर्षांचे कर्ज त्या एका वाक्यावर सोपवले जाते. मेथीची जुडी उलटून पाहिल्याशिवाय पिशवीत न टाकणारे आपण घराच्या बाबतीत इतके भाबडे कसे होतो?

२७ जुलै २०१९ चा दिवस आठवावा. बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. ती दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. त्याच पावसात बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीकाठच्या वसाहतींत पाणी शिरले, त्याची आठवण मात्र तिथल्या रहिवाशांपुरतीच उरली. २६ जुलै २००५ चा धडा समोर असतानाही नदीकडे सरकत जाणारी बांधकामे थांबली नाहीत, ही खेदाची बाब आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो : निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गुळगुळीत माहितीपत्रकात या रेषा कधी दिसतात काय? तिथे असते ते ‘नदीकिनारीचे निसर्गरम्य जीवन’!

मग अंबरनाथ निर्धोक आहे, असे कोणी समजू नये. शके ९८२ चा शिलालेख मिरवणाऱ्या शिलाहारकालीन शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी आज रासायनिक सांडपाण्याने काळवंडली आहे. हजार वर्षांचे शिल्पवैभव जपणाऱ्या गावाला शेजारची नदी जपता येऊ नये, याला काय म्हणावे?

प्रवासाचे गणितही कोणी मांडत नाही. दोन स्थानकांत अंतर जेमतेम आठ किलोमीटर. पण ते रोज दोनदा, वर्षानुवर्षे कापायचे असते. दोन्हीकडून सुटणाऱ्या लोकल आहेत. ती चुकली, की कर्जतहून भरून आलेल्या गाडीच्या दारात लोंबकळणे नशिबी येते. मधल्या चिखलोली स्थानकाच्या नावावर तर स्थानक सुरू होण्याआधीच घरे विकली गेली.

आमचे मत विचाराल तर ज्यांना रोज ठाण्यापलीकडे जायचे आहे, त्यांनी एक खोली कमी घेऊन अंबरनाथ पाहावे. ज्यांचे काम याच परिसरात आहे, त्यांनी खुशाल बदलापूर निवडावे, पण रुळांच्या पूर्वेला आणि उंचावर. नदीकाठचे घर स्वस्त असते, कारण त्याच्या किमतीचा उरलेला हिस्सा पुढे पावसाळा वसूल करतो.

या सर्वाचा दोष केवळ बिल्डरच्या माथी मारून भागणार नाही. परवानगीवर सही नगरपालिकेची असते. २०२० मध्ये मुदत संपल्यावर या दोन्ही नगरपालिका वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिल्या. या काळात जाब विचारायला नगरसेवक नव्हता, आणि घराच्या किल्ल्या मिळाल्यावर कुणाला जाब विचारावासा वाटला असेही फारसे दिसले नाही. गृहप्रदर्शनात तासन्‌तास रांग लावणारे आपण पूररेषेचा नकाशा पाहायला एक अर्धा दिवस रजा काढत नाही.

निदान एवढे तरी करावे. घर पाहायला दिवाळीच्या सुमारास नव्हे, जुलैतल्या मुसळधार पावसात जावे. नमुना सदनिकेत चहा घेण्याऐवजी शेजारच्या जुन्या चाळीत तळमजल्यावर राहणाऱ्या एखाद्या आजींना विचारावे, पाणी कुठवर आले होते? त्या भिंतीवर बोट ठेवून दाखवतील.